पिझ्झा डिलिव्हरीची फ्रँचायझी: दुकानाचा विमा आहे, पण रस्त्यावरच्या जोखमीचे काय?

शाहूपुरीकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरी भागात एका भारतीय पिझ्झा साखळीची फ्रँचायझी मी गेली काही वर्षे चालवतो. डॉमिनोजची भारतातील दुकाने ज्युबिलंट फूडवर्क्स ही कंपनी स्वतःच चालवते आणि पिझ्झा हटची दुकानेही मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांच्या हाती आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या एकट्या मालकाला लहान साखळ्यांकडेच जावे लागते. या साखळ्यांकडे विमा पाहणारे कोणी नसते. करारात एक कलम असते आणि बाकीचे सर्व आपल्या अंगावर येते.

माझ्या करारातील कलमानुसार फ्रँचायझीधारकाने आग, चोरी आणि सार्वजनिक दायित्व (इतरांना झालेल्या इजा-नुकसानीची जबाबदारी) यांचे विमे तसेच ‘कायद्याने आवश्यक असलेले सर्व विमे’ घ्यायचे आहेत. शिवाय दुकानाच्या व्यवहारातून ब्रँडवर काही दावा आला, तर तो खर्चासह फ्रँचायझीधारकानेच निस्तरायचा आहे.

सध्या दुकानात आठ माणसे आहेत: तिघे स्वयंपाकघरात, एक काउंटरवर आणि चौघे डिलिव्हरीला. निम्म्या ऑर्डर झोमॅटो व स्विगीवरून येतात आणि त्या त्यांचीच मुले नेतात. उरलेल्या ऑर्डर आमची मुले पोहोचवतात. त्यासाठी माझ्या नावावर दोन स्कूटर आहेत, दोन मुले स्वतःच्या मोटारसायकली वापरतात व त्यांना पेट्रोलभत्ता दिला जातो, आणि गल्लीबोळांसाठी कमी वेगाची एक इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याचा विचार आहे. येत्या वर्षात सांगलीला दुसरे दुकान काढायचे आहे.

एका एजंटाने ‘शॉपकीपर्स पॅकेज’ पॉलिसीचे कोटेशन दिले असून त्यात सर्व काही आले असे तो सांगतो. कोटेशन वाचल्यावर मला ओव्हन, फ्रीजर, काचा, निऑन फलक आणि गल्ल्यातील रोकड यांचा उल्लेख सापडला. डिलिव्हरी हा शब्द मात्र कोठेही आढळला नाही. आमचा निम्मा धंदा दुकानाबाहेर रस्त्यावर होतो. त्या निम्म्या धंद्याचा विमा नेमका कोणत्या पॉलिसीत असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जोखीमगणित (उत्तर)

आपण कोटेशन वाचलेत, हेच पुष्कळ झाले. बहुतेक मालक हप्त्याचा आकडा पाहून सही करतात. सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पिझ्झाच्या दुकानात लोक ओव्हनचा विमा उत्साहाने उतरवतात आणि स्कूटरचा विमा आरटीओसाठी काढतात. नुकसानीच्या रकमेचा विचार केला तर क्रम याच्या उलट असायला हवा. संपूर्ण दुकान जळाले तरी नुकसान किती होईल याचा अंदाज आपल्याला आज बांधता येतो. एका अपघाताने किती देणे अंगावर येईल, याचा अंदाज मात्र समोरच्या माणसाचे वय आणि उत्पन्न कळेपर्यंत कोणालाही बांधता येत नाही.

आपल्या नावावरील दोन स्कूटरपासून सुरुवात करू. त्यांची पॉलिसी खासगी दुचाकीची असणार. तिच्या प्रमाणपत्रावर ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली तीन-चार ओळी असतात, त्या काढून वाचाव्यात. भाड्याने वा मोबदल्यासाठी वापर, नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक, शर्यत आणि वेगचाचणी हे वापर त्यात वगळलेले असतात. मागे पिझ्झाची पेटी बसवून रोज संध्याकाळी फिरणारी स्कूटर ‘मालाची वाहतूक’ करते की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद दावा आल्यानंतर घालण्यापेक्षा आजच मिटवलेला बरा. विमा कंपनीला लेखी कळवावे की ही दुचाकी स्वतःच्या दुकानाचे खाद्यपदार्थ पोहोचवण्यासाठी पगारी नोकर चालवतात, आणि त्या वापरासाठी पॉलिसी द्यावी किंवा तसे एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली पुरवणी) करावे. कंपनी नाही म्हणाली तर दुसरी कंपनी पाहावी. हप्ता वाढेल हे खरे, परंतु ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा नुसता तृतीय पक्ष विम्याचा (म्हणजे आपल्या गाडीने इतरांच्या होणाऱ्या इजा-नुकसानीच्या विम्याचा) हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ७१४ रुपये होता, यावरून आपण किती लहान रकमेपायी जोखीम घेतो हे लक्षात येईल.

दुसरा गैरसमज वैयक्तिक अपघात संरक्षणाचा आहे. दुचाकीच्या पॉलिसीसोबत जे १५ लाखांचे सक्तीचे संरक्षण मिळते, ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल तरच लागू होते. आपल्या नावावरच्या स्कूटरवरून मुलगा पडला तर त्या १५ लाखांतील एक रुपयाही त्याला मिळत नाही. त्याच्यासाठी पगारी चालकाविषयीच्या कायदेशीर दायित्वाचे एंडॉर्समेंट घ्यावे. जुन्या मोटार टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या दर व अटींच्या पत्रकात) ते अठ्ठावीस क्रमांकाचे होते आणि आजही एजंट त्याला त्याच क्रमांकाने ओळखतात. त्याशिवाय सर्व मुलांचा मिळून एक समूह वैयक्तिक अपघात विमा काढावा. पहिले आपल्यावरील कायदेशीर देणे भागवते, तर दुसऱ्यात चूक कोणाची याची चौकशी न होता ठरलेली रक्कम मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना मिळते. त्यामुळे एक आहे म्हणून दुसरे टाळता येत नाही.

शॉपकीपर्स पॅकेजविषयी थोडक्यात सांगायचे तर ती वाईट पॉलिसी नाही. ती विभागांची बनलेली असते. कोणते विभाग घेतले आहेत आणि कोणते कोरे सोडले आहेत, एवढे पाहावे. मोटार वाहनामुळे उद्भवणारे दायित्व मात्र तिच्या सार्वजनिक दायित्व विभागातून वगळलेलेच असते, त्यामुळे ‘सर्व काही आले’ हे एजंटाचे म्हणणे रस्त्यापुरते तरी खरे नाही.

न्यायाधिकरणाचा_वाटसरू (उत्तर)

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करतो. वरील उत्तर योग्यच आहे, तथापि त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. ‘वापराच्या मर्यादा’ मोडल्या म्हणून विमा कंपनी अपघातग्रस्ताला रिकाम्या हाताने परत पाठवते, असा समज होऊ नये. तृतीय पक्षाच्या दाव्यात कंपनीला कोणते बचाव घेता येतात, हे मोटार वाहन कायद्यानेच मर्यादित केले आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, चालकाकडे वैध लायसन्स नसले तरी कंपनीने आधी अपघातग्रस्ताला रक्कम द्यावी आणि अटीचा भंग सिद्ध झाल्यास ती मालकाकडून वसूल करावी, अशी दिशा घालून दिली. अटीच्या भंगाच्या इतर प्रकरणांतही न्यायाधिकरणे पुष्कळदा हाच मार्ग धरतात. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. आपल्या दृष्टीने पाहिले तर पॉलिसी हातात असूनही शेवटी सारी रक्कम आपल्याच खिशातून जाते, आणि निवाडा झालेला असल्यामुळे वसुलीसाठी कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही.

रक्कम किती असू शकते, याचा हिशोब एकदा करून पाहावा. समजा, रस्ता ओलांडणारा ३५ वर्षांचा व्यावसायिक स्कूटरच्या धडकेने दगावला, त्याचे उत्पन्न महिना ४०,००० रुपये होते आणि घरात चार जण त्याच्यावर अवलंबून होते. स्वयंरोजगारातील चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भावी उत्पन्नापोटी ४० टक्के वाढ धरतात. म्हणजे ५६,००० झाले. त्यातून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर ४२,००० उरतात. वर्षाचे ५,०४,००० झाले आणि या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १६ असल्याने एकूण ८०,६४,००० रुपये होतात. त्यावर अंत्यसंस्कार वगैरे शीर्षकांखालील रक्कम आणि व्याज वेगळे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी ठरवून दिलेली ही पद्धत राज्यातील प्रत्येक न्यायाधिकरणात रोज वापरली जाते. मृत्यू किंवा इजेबाबत तृतीय पक्ष विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. म्हणूनच ही पॉलिसी बिनचूक असणे आपल्या ओव्हनपेक्षा मोलाचे आहे.

स्कूटरच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे कंपनी अटीचा भंग दाखवून दावा नाकारते. अमलेंदू साहू खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने वापराच्या अटीचा भंग झालेला असतानाही ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे पूर्ण रकमेत काही कपात करून, भरपाई देण्यास सांगितले होते आणि त्या आधारे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची वाट उघडी आहे. पण त्यासाठी बहुधा ग्राहक आयोगापर्यंत जावे लागते.

मुलांच्या स्वतःच्या मोटारसायकलींबाबत मालकांचा एक लाडका युक्तिवाद असतो की, गाडी त्याची, लायसन्स त्याचे, विमा त्याचा, मग माझा काय संबंध? संबंध असा की तो आपल्या कामावर असताना, आपल्या सांगण्यावरून, आपला माल नेत होता. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो, हे तत्त्व गाडी कोणाच्या नावावर आहे यावर अवलंबून नाही. मुलाची पॉलिसी संपलेली असेल, किंवा वापराच्या अटीवरून कंपनीने वसुलीचा आदेश मिळवला असेल, तर अपघातग्रस्ताचा वकील सर्वप्रथम पैसा कोणाकडे आहे ते पाहील. पेट्रोलभत्त्याची आपली वही हाच तेव्हा त्याच्या हातचा पुरावा असेल. माझ्या मते चारही गाड्या आपल्याच नावावर घेणे सर्वांत स्वच्छ. तोपर्यंत प्रत्येक मुलाच्या पॉलिसीची, आरसीची आणि लायसन्सची प्रत जवळ ठेवावी, पॉलिसी संपण्याच्या तारखा नोंदवून ठेवाव्यात आणि ज्या दिवशी पॉलिसी संपेल त्या दिवसापासून त्या गाडीवरून एकही ऑर्डर जाऊ देऊ नये.

इलेक्ट्रिक स्कूटरबाबत विशेष सावधगिरी हवी. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेली गाडी नियमांनुसार मोटार वाहनच ठरत नाही. तिला नोंदणी, लायसन्स किंवा विमा यांपैकी काहीही लागत नाही, अशी तिची जाहिरात केली जाते आणि ते खरे आहे. पण विमा लागत नाही म्हणून दायित्व येत नाही असे नाही. त्या गाडीने एखाद्या वृद्धाचे हाड मोडले तर नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात थेट आपल्यावर येईल आणि तो भरण्यास कोणतीही मोटार पॉलिसी नसेल. सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत अशा गाडीमुळे झालेली इजा समाविष्ट आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. त्यातही एखाद्या विक्रेत्याने वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी घेतली, तर ती कायद्याच्या नजरेत विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होते. चार-पाच किलोमीटरचा वेग वाढवून घेण्याच्या मोहापायी एवढी मोठी जोखीम कोणीही घेऊ नये.

इर्विनपूल_सांगली (उत्तर)

सांगलीला येणार म्हणता, आपले स्वागत आहे. माझे येथे पिझ्झाचे नव्हे, पण बेकरी व केकचे दुकान आहे आणि आमचीही घरपोच सेवा आहे. रस्त्याविषयी वरील दोघांनी सांगितलेच आहे, म्हणून मी फक्त पाण्याविषयी लिहितो.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि इर्विन पुलाजवळ कृष्णेची ४५ फूट, हे आकडे आपल्या दोन्ही गावांत शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पाणी त्यांच्या बरेच वर गेले. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते, तिच्यात आगीबरोबरच पूर, स्फोट, भूकंप हे धोके मूळ पॉलिसीतच धरलेले असतात. पॅकेज घ्यायचे झाले तरी त्याच्या आगीच्या विभागात हे सारे आहे ना, ते पाहावे. विम्याची रक्कम ठरवताना जुन्या ओव्हनची घसारा वजा केलेली किंमत न लिहिता, तसाच नवा ओव्हन आज घेण्यास जो खर्च येईल तो लिहावा. मूल्य कमी दाखवल्यास १५ टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत दुर्लक्षिली जाते, पण तूट त्याहून मोठी असेल तर अंशतः नुकसानीलाही कात्री लागते. गाळा भाड्याचा असल्यास फरशी, छत, धुराडे, वायरिंग असे जे काम आपण स्वखर्चाने केले आहे, ते वेगळे नमूद करावे. गाळामालकाच्या पॉलिसीत ते येत नाही.

आता ज्या नुकसानीचा विचार कोणीच करत नाही, ते सांगतो. २०१९ मध्ये माझ्या दुकानात पाणी शिरले नाही. वीज मात्र अनेक दिवस नव्हती आणि डीप फ्रीजरमधील सगळा माल फेकून द्यावा लागला. दावा केला तेव्हा उत्तर मिळाले की, दुकानातील कोणत्याही वस्तूचे पुराने नुकसान झालेले नाही, माल वीज गेल्यामुळे खराब झाला आहे आणि तो धोका पॉलिसीत घेतलेला नाही. पॉलिसीच्या भाषेप्रमाणे ते उत्तर बरोबर होते. शीतगृहातील माल खराब होण्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि बाहेरून होणारा वीजपुरवठा खंडित झाल्यास ते लागू होते का, हेही त्यात पाहावे लागते. आपल्याकडे चीज आणि पिठाचे गोळे फ्रीजरमध्येच असणार, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

व्यवसाय बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्याच्या पॉलिसीचेही असेच आहे. शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, ब्रँडच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडी येऊ शकली नाही आणि आपले कोरडे, धडधाकट दुकान आठवडाभर बंद राहिले, तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई मिळत नाही. कारण नफ्याच्या दाव्यासाठी आधी आपल्याच जागेतील मालमत्तेचे नुकसान झालेले असावे लागते. पुरवठादाराच्या जागेपर्यंत हे संरक्षण वाढवून मिळते, परंतु ते मागून घ्यावे लागते. तसेच दुकान बंद असतानाही ब्रँडला किमान रॉयल्टी द्यावी लागत असेल, तर ती स्थायी खर्चांच्या यादीत भाडे व पगारांच्या शेजारी लिहून घ्यावी.

जर्सीकर (उत्तर)

मी मूळचा इचलकरंजीचा. न्यू जर्सीत पिझ्झाच्याच धंद्यात आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो. येथे मुले बहुधा स्वतःच्या मोटारीने डिलिव्हरी करतात आणि त्यांच्या वैयक्तिक पॉलिसीत मोबदल्यासाठी होणारी डिलिव्हरी सहसा वगळलेली असते. त्यामुळे आपल्या मालकीच्या नसलेल्या, पण आपल्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांपुरते दायित्व उचलणारी ‘हायर्ड अँड नॉन-ओन्ड ऑटो’ नावाची स्वतंत्र पॉलिसी मिळते आणि मोठे ब्रँड करारातच तिची सक्ती करतात. वर वकील महोदयांनी गाड्या स्वतःच्या नावावर घ्या असे सांगितले आहे. ज्या बाजारात असे उत्पादन सहज मिळत नाही, तेथे तोच मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट वेळेच्या हमीची. अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांची हमी १९९३ मध्ये मागे घेतली. त्याआधी सेंट लुईसमधील एका खटल्यात, लाल सिग्नल तोडून आलेल्या डिलिव्हरी चालकाच्या धडकेने जखमी झालेल्या महिलेला ज्यूरीने सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला होता, आणि त्यातील जवळजवळ सर्व रक्कम दंडात्मक स्वरूपाची होती. भारतातील न्यायालये अशा रकमा देत नाहीत. तरीही आपल्या करारात वेळेची हमी असेल आणि उशीर झाल्यास मुलाच्या पगारातून पैसे कापले जात असतील, तर ती कपात पहिल्यांदा बंद करावी. अपघातानंतर तीच नोंद आपल्याविरुद्ध वाचली जाईल.

शाहूपुरीकर (पुन्हा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पगारातून कपात आमच्याकडे नाही, मात्र ब्रँडच्या अॅपवर प्रत्येक मुलाचा सरासरी वेळ झळकत असतो, त्याविषयी ब्रँडला लिहितो. स्कूटरच्या पॉलिसी काढून पाहिल्या; ‘वापराच्या मर्यादा’ अगदी वर लिहिल्याप्रमाणेच आहेत. आता तीन शंका उरतात. सांगलीचे दुकान सुरू झाल्यावर एकूण पंधरा-सोळा माणसे होतील, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या भरपाईची पॉलिसी घ्यावी की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पुरेसे होईल? खाण्यातून कोणाला बाधा झाली, किंवा शाकाहारी ग्राहकाकडे चिकनचा पिझ्झा गेला, तर कोणती पॉलिसी कामी येते? आणि दावा नाकारला गेल्यास न्यायालयाखेरीज कोठे जाता येते?

न्यायाधिकरणाचा_वाटसरू (उत्तर)

पहिल्या शंकेपुरते लिहितो. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि ईएसआय कायदा हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. भरपाईच्या हिशोबाची रीत तीच राहिली आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशोबासाठी वेतन कमाल १५,००० धरले, तर २५ वर्षांच्या मुलासाठी ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये होतात. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात आणि रक्कम १९,५२,१९० होते. येथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. रक्कम महिन्याच्या आत द्यावी लागते, अन्यथा १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. त्यातील दंड विमा कंपनी भरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे.

आज आठच माणसे असल्याने आपल्याला ईएसआयची सक्ती नाही. म्हणजे या घडीला वरील सारे देणे थेट आपल्यावर आहे. त्यामुळे कर्मचारी भरपाईची पॉलिसी आजच घ्यावी आणि तीत डिलिव्हरीच्या मुलांचे काम ‘हेल्पर’ असे न लिहिता ‘दुचाकीवरून डिलिव्हरी’ असे स्पष्ट लिहावे. माणसे दहा झाली की ईएसआय लागू होईल, आणि दोन्ही दुकाने एकाच मालकाची असल्याने संख्या एकत्र मोजली जाण्याची तयारी ठेवावी. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के अंशदान असते. ईएसआयखाली विमाधारक झालेल्या कर्मचाऱ्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, हा मालकासाठी मोठाच दिलासा आहे. २१,००० च्या वर पगार असलेला व्यवस्थापक मात्र त्याबाहेर राहतो. त्याच्यापुरती पॉलिसी चालू ठेवावी. घरून कामावर येता-जाता होणारे अपघातही, कामाशी त्यांचा संबंध जोडता आल्यास, यात धरले जातात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. रात्री साडेअकराला दुकान बंद करून घरी निघालेल्या मुलाच्या बाबतीत तो लागू पडू शकतो.

जोखीमगणित (उत्तर)

दुसऱ्या शंकेचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. शॉपकीपर्स पॅकेजमधील सार्वजनिक दायित्व हे सामान्यतः आपल्या जागेपुरते असते. ओल्या फरशीवर ग्राहक घसरला तर ते कामी येते. आपला पिझ्झा तर ग्राहकाच्या घरी खाल्ला जातो. विकून दुकानाबाहेर गेलेल्या पदार्थामुळे झालेली बाधा ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’त मोडते आणि तो विभाग वेगळा घ्यावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण याहून वेगळे आहे. पीठ व सॉस ब्रँडच्या स्वयंपाकघरातून येत असेल, तर पुरवठ्याची चलने आणि फ्रीजरच्या तापमानाची नोंदवही जपून ठेवावी. दोष पुरवलेल्या मालात होता की आपल्या हाताळणीत, हे त्यावरूनच ठरते.

शाकाहारी ग्राहकाकडे चिकन गेल्याचा प्रसंग विम्याच्या दृष्टीने अवघड आहे. दायित्वाच्या पॉलिसी शारीरिक इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यावर लागू होतात. येथे तक्रार मनःस्तापाची आणि धार्मिक भावना दुखावल्याची असते, आणि ग्राहक आयोग त्यासाठी रक्कम देऊ करतो. ती बहुधा आपल्यालाच भरावी लागेल. यावर उपाय स्वयंपाकघरात आहे: दोन्ही प्रकारांसाठी वेगळी कापणी, वेगळ्या रंगाचे खोके आणि पेटी भरताना दुसऱ्या माणसाने बिल ताडून पाहणे.

करारातील ‘ब्रँडवरील दावा फ्रँचायझीधारकाने निस्तरावा’ या कलमाकडे आपण लक्ष वेधलेत ते योग्यच केलेत. दायित्वाच्या पॉलिसीत, केवळ करारामुळे अंगावर घेतलेले दायित्व वगळलेले असते. म्हणजे ब्रँडला दिलेल्या या शब्दामागे विमा कंपनी उभी नसते. सार्वजनिक व प्रॉडक्ट दायित्वाच्या पॉलिसीत ब्रँडचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालून घ्यावे, आणि करारात ‘ब्रँडने पुरवलेल्या मालातील दोष सोडून’ एवढे शब्द वाढवण्याची विनंती करावी. सांगलीच्या दुकानाचा करार अजून व्हायचा असल्याने ही विनंती करण्याची वेळ आत्ताच आहे.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि आपण पाच टक्क्यांच्या रेस्टॉरंट दरात असल्यास त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही; कोटेशनची तुलना करताना कर धरूनच आकडे पाहावेत.

तिसऱ्या शंकेबाबत: आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसी त्यांच्या कक्षेत येतात, मर्यादा ५० लाख रुपये आहे, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यासाठी नकाराचे पत्र कारणांसह लेखी मागून घ्यावे; फोनवर मिळालेल्या नकाराच्या आधारे अर्ज करता येत नाही.